एक शिलिंग, सहा पेन्स

“ही नोट इथे चालत नाही.” उजगरेकाकांनी माझी दहाची नोट दोन बोटांत उचलली आणि परत माझ्या हातावर ठेवली. “पुढचं गिऱ्हाईक?”

“काका, मीच पुढचं गिऱ्हाईक आहे. माझ्यामागे कोणी नाही.”

“मग आधी बँकेत जाऊन ये.”

बँक म्हणजे व्हरांड्याच्या टोकाला खुर्ची टाकून बसलेल्या एस्तेरकाकू. त्यांच्या मांडीवर स्टीलचा डबा होता आणि डब्यात जुन्या इंग्रजी पेन्या, आपल्या दहाच्या नाण्याहून मोठ्या आणि काळ्या पडलेल्या. दहा रुपयांना एक शिलिंग, म्हणजे बारा पेन्या, असा त्या दिवसाचा भाव होता.

“मोजून घे,” काकू म्हणाल्या. “कमी भरल्या तर दुकानदार तुला परत पाठवतील. पन्नास वर्षं संसार केला, पण शंभराचं गणित काही शिकवता आलं नाही मला ह्यांना.”

त्यांच्या लग्नाचा तो सुवर्णमहोत्सव होता. नाताळ नुकताच झाला होता, व्हरांड्यावरचा कागदी तारा अजून तसाच होता. भिंगारमधल्या त्यांच्या घरी मी केमिस्ट्रीच्या एमएस्सीच्या पहिल्या वर्षापासून पाहुणी म्हणून राहत होते. पाहुणी हा काकूंचा शब्द; भाडेकरू म्हटलेलं त्यांना आवडत नसे.

काका तरुणपणी नऊ वर्षं इंग्लंडमध्ये, कॉव्हेंट्रीला, बसकंडक्टर होते. शेवटची दोन वर्षं काकूही तिथे होत्या. तिकडे पौंडाचे शंभर पेन्स झाले त्याच्या थोडंच आधी दोघं परत आले, त्यामुळे काकांच्या लेखी ते गणित बदललंच नव्हतं. बारा पेन्सचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. भाजीवाला फ्लॉवर तीस रुपये म्हणाला की काका म्हणत, “नऊ पेन्सला मोठा यायचा.” काकू म्हणत, “आणि तो निवडताना थंडीने माझी बोटं फुटायची, तेही सांगा.”

व्हरांड्याची आणि बाहेरच्या खोलीची एकही भिंत मोकळी नव्हती. सगळीकडे जाहिरातींच्या जुन्या पत्र्याच्या पाट्या. एक निळ्या रंगाची, केशतेलाची, ‘बाटली दहा आणे’. एक काडेपेटीची, तिच्यावरचा मोर अर्धा गंजलेला. एका इंग्रजी कोकोच्या पाटीवर गुबगुबीत गालांची मुलगी आणि खाली किंमत. काकांनी त्या भंगारवाल्यांकडून, जुन्या बाजारातून, छावणीतल्या लिलावांतून गोळा केल्या होत्या. इंग्रजी पाट्यांवरची किंमत वाचायला त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं.

“डावीकडे शिलिंग, उजवीकडे पेन्स. मधली तिरकी काडी म्हणजे भागाकार नव्हे, केमिस्टबाई.”

त्या दिवशी टेबलावरच्या प्रत्येक ताटलीपुढे तशीच चिठ्ठी होती. केक १/३, म्हणजे एक शिलिंग तीन पेन्स. करंजी सहा पेन्स. लिंबूसरबत चार पेन्स. जमलेले पैसे चर्चला जायचे होते. पाहुणे आठ-दहाच, बहुतेक चर्चच्या गायनमंडळातले.

“दाजी, सहा पेन्सला करंजी?” काकूंचे भाऊ पाटोळेमामा टेबलावर वाकले होते. “इंग्लंडमध्ये पण एवढी महाग नव्हती.”

“इंग्लंडमध्ये करंजीच नव्हती, पाटोळे.”

“मग भाव कोणी ठरवला?”

“ज्याचं दुकान, त्याने.”

सगळे हसले. काकाही हसले, पण हसता हसता त्यांनी फाटकाकडे पाहिलं. दुपारपासून ते तसं पाहत होते.

“निघाला का गं तो?” त्यांनी काकूंना विचारलं.

“वर्कशॉपमधून येतोय म्हणाला.”

तो म्हणजे संदेशदादा, त्यांचा एकुलता मुलगा. एमआयडीसीत त्याचं फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप होतं आणि तो सावेडीला वेगळा राहायचा. त्याची बायको मुलांना घेऊन नाताळला माहेरी गेली होती. बापलेकांत भांडण असं नव्हतं. पण मी यायच्या बरंच आधी एकदा संदेशदादाने मागची अडगळीची खोली साफ करताना पाट्यांची एक थप्पी भंगारात दिली होती. काका चार दिवस सायकलवरून गावातली भंगाराची दुकानं फिरले. दोन पाट्या परत मिळाल्या. तेव्हापासून दोघं गॅसच्या नंबराबद्दल बोलत, लाइटबिलाबद्दल बोलत, पाट्यांबद्दल बोलत नसत.

मला मात्र एक गोष्ट ठाऊक होती. आठवड्यापूर्वी काका गायनमंडळाच्या सरावाला गेले असताना मी मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेले, तर संदेशदादा तिथे उकिडवा बसून त्या दोनांतली एक पाटी घासत होता. हातात रबरी मोजे, शेजारी प्लास्टिकचा कॅन.

“काय आहे ते?” मी विचारलं.

“ऑक्झॅलिक. गंजाला एक नंबर. बाबांना बोलू नकोस. पन्नासाव्याला देणार आहे.”

मग राहिलेलं अ‍ॅसिड तो कॅनमधून एका जुन्या हिरव्या बाटलीत ओतायला लागला. त्याला कॅन वर्कशॉपला परत न्यायचा होता आणि दुसरी पाटी नंतर इथेच घासायची होती.

“दादा, ही सरबताची बाटली आहे.”

“आता नाही.” त्याने बूच घट्ट लावलं, कागदाच्या पट्टीवर मार्करने १/६ लिहिलं आणि पट्टी चिकटवली. “एकास सहा. पाणी किती घालायचं ते विसरतो मी.”

“नाव लिहा. विष आहे म्हणून लिहा.”

“मीच वापरणार ना. आणि वर कोण बघतंय?” त्याने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळली आणि अडगळीच्या खोलीतल्या सगळ्यात वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे सरकवली. पाटी तो पोत्यात घालून वर्कशॉपला घेऊन गेला.

करंजी विकत घेऊन मी बर्फ आणायला स्वयंपाकघरात गेले.

हिरवी बाटली ओट्यावर होती.

बूच काढून शेजारी ठेवलं होतं. वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी घातली होती. बाटली गळ्यापर्यंत भरलेली मी पाहिली होती, आता पातळी बरीच खाली होती. पट्टीवर जाड काळ्या अक्षरात १/६.

मी बाटली नाकाशी नेली. हे वेड्यासारखं होतं, कारण ऑक्झॅलिक अ‍ॅसिडला वास नसतो. रंगही जवळजवळ नसतो. कारखान्याचं असेल तर लोखंडाच्या अंशाने किंचित पिवळं, पातळ लिंबूसरबतासारखं. कॉलेजात आम्ही ते टायट्रेशनला रोज वापरत होतो. ते पोटात गेलं तर काय करतं तेही मी वाचलं होतं. आधी घसा आणि पोट जाळतं. मग रक्तातलं कॅल्शियम धरतं, आणि कॅल्शियम कमी झालं की स्नायू आखडतात, हृदयाचे ठोके चुकतात. शेवटी त्याचे स्फटिक मूत्रपिंडात जाऊन बसतात.

आणि बाहेर टेबलावर सरबताचा काचेचा जग होता.

मी धावले नाही. धावले असते तर सगळे उठून उभे राहिले असते आणि मला कुणाचाच चेहरा नीट पाहता आला नसता. मी चालत टेबलापाशी गेले आणि जग उचलला.

“सरबत बंद.”

“अगं, मी आत्ताच चार पेन्स दिलेत!” पाटोळेमामा म्हणाले.

मी त्यांच्या हातातला पेला काढून घेतला. “किती प्यायलात?”

“दोन. का? पैसे टाकलेत गल्ल्यात.”

“घशात जळजळ होतेय?”

“तुझ्या विचारण्याने होतेय.”

“मामा, खरं सांगा.”

“नाही गं. गोड आहे चांगलं. काय झालं?”

मी गायनमंडळातल्या बायकांकडे पाहिलं. एकीच्या हातात रिकामा पेला होता, ती दुसरीशी कुणाच्या तरी बारशाबद्दल बोलत होती. कुणी घशाला हात लावत नव्हतं, कुणी पोट धरलं नव्हतं. पण मला वेळ माहीत नव्हती. बाटली केव्हा उघडली आणि जग केव्हा भरला, हे माहीत नसताना त्या हसऱ्या चेहऱ्यांना काही अर्थ नव्हता. मी जग खाली, भिंतीशी ठेवला आणि टेबलाला वळसा घालून काकांच्या बाजूला गेले.

“काका, ओट्यावरची हिरवी बाटली कोणी उघडली?”

ते माझ्याकडे झुकले. चेहऱ्यावर गुपित सांगतानाचं हसू होतं. “ती विकायची नाही.”

“त्यातलं ह्या जगमध्ये ओतलंत?”

“छे छे. ती माझी आहे.”

“माझी म्हणजे?”

त्यांनी नजरेने टेबलाखाली दाखवलं. तिथे स्टुलावर एक पेला होता. रिकामा. तळाला साखरेचे दाणे आणि लिंबाची चकती.

भीती कमी झाली नाही. आठ-दहा माणसांवर पसरली होती, ती एका माणसावर येऊन बसली.

“केव्हा प्यायलात?”

“तुम्ही सगळे इथे जमायच्या आधी. बोहनी नको का व्हायला?” त्यांचा आवाज घोगरा होता. दुपारभर तो घोगराच होता, आणि आम्ही सगळे ती थंडी समजत होतो. “फुकट नाही प्यायलो. वन अँड सिक्स. पूर्ण टाकले गल्ल्यात.”

वन अँड सिक्स. एक शिलिंग सहा पेन्स. पट्टीवरचं १/६ त्यांनी किंमत म्हणून वाचलं होतं.

“दाजी, माझे सुटे राहिले,” मामांनी पलीकडून हात पुढे केला.

काकांनी गल्ल्यातून एक पेनी उचलली. ती त्यांच्या बोटांत राहिली नाही. टेबलावर पडली, कडेवर फिरत गेली आणि खाली गेली. त्यांनी हाताकडे पाहिलं. अंगठा तळहातात ओढला गेला होता आणि चारही बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली होती.

“थंडीने आखडलीत,” ते म्हणाले आणि दुसऱ्या हाताने बोटं सरळ करायला गेले. दुसरा हातही तसाच होता.

“काकू,” मी ओरडले, “दूध आणा. घरात असेल तेवढं सगळं.”

“दूध? चहाला ठेवलंय ते—”

“सगळं आणा! मामा, गाडी काढा.”

सगळे थांबले. काकूंच्या मांडीवरून डबा घसरला आणि पेन्या व्हरांडाभर पसरल्या. काका त्यांच्याकडे बघून म्हणाले, “एस्तेर, बँक बुडाली,” आणि मग त्यांना ओकारी आली.

गाडीत मी त्यांच्या एका बाजूला होते आणि काकू दुसऱ्या. मी त्यांना घोट घोट दूध पाजत होते. दुधातल्या कॅल्शियमने पोटात उरलेलं अ‍ॅसिड तरी बांधलं जाईल, एवढाच माझा हिशेब होता, आणि त्याला उशीर झालाय हेही मला कळत होतं. माझी बोटं त्यांच्या मनगटावर होती. नाडी चालायची, चालायची आणि एक ठोका गाळायची. मग पुढचा ठोका यायचा.

“अहो, काय प्यायलात तुम्ही?” काकू पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

“सरबत.”

“कसलं सरबत?”

“लिंबाचं.”

“काका,” मी म्हटलं, “ते भयंकर आंबट लागलं असेल. तोंड भाजलं असेल. थांबला का नाहीत?”

ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर छावणीची लांबलचक भिंत जात होती.

“साखर घातली,” ते म्हणाले. “मग गेलं.”

रुमालाला रक्त लागलेलं काकूंनी पाहिलं आणि रुमाल मुठीत दडवला. मी तो पाहिला हे त्यांनी पाहिलं. पुढे मामा हॉर्न वाजवत होते आणि मोठमोठ्याने म्हणत होते, “दाजी, बोलत राहा. मला शिव्या द्या, पण बोलत राहा.”

“तुला काय शिव्या द्यायच्या,” काका पुटपुटले. “तिकीट काढलंस का ते सांग.”

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याहून थोड्याच मोठ्या असतील. मी अ‍ॅसिडचं नाव सांगितलं, अंदाजे किती घेतलं ते सांगितलं, बोटं कशी आखडली ते सांगितलं. त्यांनी पुढचं ऐकलं नाही. “कॅल्शियम ग्लुकोनेट,” त्या नर्सला म्हणाल्या. “मॉनिटर लाव आधी.” मग पडदा ओढला गेला आणि आम्हाला बाहेर काढलं.

संदेशदादा आला तेव्हा त्याच्या शर्टावर लाल गंजाची भुकटी होती. काकूंनी त्याला कसंबसं सांगितलं. बाटली म्हटल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं.

“हिरवी?”

मी मान हलवली.

तो बाकावर बसला. “मी लिहिलं होतं. तुझ्यासमोर लिहिलं होतं ना? एकास सहा. मोठ्या अक्षरात. ते वाचून कोणी पितं का? बाबांनी वाचलं नाही?”

“काय लिहिलं होतंस?” काकूंनी विचारलं.

“एक, काडी, सहा.” त्याने हवेत बोटाने काढून दाखवलं.

काकू पन्नास वर्षं त्या माणसाबरोबर राहिल्या होत्या. त्यांच्या घरात फळीवर, भिंतीवर, चिठ्ठीवर ती काडी होती. त्यांना एका क्षणात कळलं. माझ्याकडे पाहून त्यांनी अगदी थोडी मान हलवली. नको, अशी.

त्या घरात वाढून ती काडी भागाकाराची वाचणारा एकटा तोच होता.

“चष्मा नसेल लावला,” काकू म्हणाल्या.

“चष्मा गळ्यात असतो त्यांच्या,” संदेशदादा म्हणाला. “दोरी बांधून.”

हृदय पहिल्या रात्रीत सावरलं. मग मूत्रपिंडं बंद पडली. काकांच्या पलंगाला बांधलेली लघवीची पिशवी रिकामीच राहत होती आणि आम्ही सगळे, कुणी कुणाला न सांगता, आत गेलो की आधी त्या पिशवीकडे पाहत होतो. डॉक्टरीणबाई रोज रक्ततपासणीतला एक आकडा सांगायच्या आणि तो रोज वाढलेला असायचा. मला त्या आकड्याचा अर्थ कळत होता आणि काकूंना नव्हता, म्हणून त्या माझ्या चेहऱ्यावर वाचायच्या. मी चेहरा सरळ ठेवायला शिकले. डायलिसिस सुरू झालं. काकांचं तोंड आतून सोलल्यासारखं झालं होतं, त्यांना बोलता येत नव्हतं. वय ऐंशी. डॉक्टरीणबाईंनी संदेशदादाला बाजूला घेऊन काहीतरी सांगितलं. तो परत आला तेव्हा त्याने मला तेवढंच विचारलं, जे तो रोज विचारायचा.

“त्यांनी वाचलं कसं नाही, ऋजुता?”

तो घरी जात नव्हता. बाकावर बसल्या बसल्या झोपायचा. पाटोळेमामा त्याला डबा आणून द्यायचे आणि तो तसाच परत न्यायचे. एकदा मामा चिडून म्हणाले, “तू नाही खाल्लंस तर बापाची लघवी सुरू होणार आहे का?” त्यावर तो हसला, आणि मग त्याला ते हसू थांबवता येईना, आणि ते हसू नाही हे कळल्यावर मामा त्याच्याजवळ बसून राहिले.

दुसऱ्या आठवड्यात एका सकाळी नर्सने मला हाक मारून पिशवी दाखवली. तळाला थोडंसं गढूळ पिवळं पाणी होतं. मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तिने मला ढकललं नाही.

काका वाचले. पूर्ण बरे झाले नाहीत. पुढे अडीच वर्षं जगले, आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर, पाणीसुद्धा मापाने पीत. त्या सुवर्णमहोत्सवाला आता सहा वर्षं झाली. मी हे आत्ता लिहितेय ते त्या सकाळनंतरच्या दुपारसाठी.

त्या दुपारी काकू घरी आंघोळीला गेल्या होत्या. मी काकांच्या पलंगाशी होते. ते जागे झाले.

“केमिस्टबाई.” आवाज म्हणजे नुसती हवा होती. “काय होतं ते?”

मी सांगितलं.

“आणि वन अँड सिक्स?”

मी त्यांच्या ओठांना लावायचा कापूस पाण्यात भिजवायला घेतला.

“सांग. एस्तेर सांगत नाही.”

“एक भाग अ‍ॅसिड, सहा भाग पाणी. गंज काढायला.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, झोपले.

“म्हणजे किंमत नव्हती ती.”

“नाही.”

“वरच्या फळीवर होती. जुने डबे हवे होते मला दुकानाला, म्हणून स्टुलावर चढलो. कागदात गुंडाळून मागे लपवलेली. पाहतो तर त्याचं अक्षर.” ते थांबले. श्वास घेतला. “त्याचा सहा तसाच असतो. शाळेपासून. मोठ्या पोटाचा. मला वाटलं, पोरगं खेळात आलं.”

मी त्यांच्या ओठांना ओला कापूस लावला.

“पहिल्या घोटालाच कळलं काहीतरी चुकलंय म्हणून. म्हटलं, घरी बनवलं असेल. त्याला कुठलं जमतंय. साधा चहा येत नाही त्याला.” ओठांच्या कडा किंचित हलल्या. “पण आल्या आल्या त्याने विचारलं असतं, बाबा, कसं झालंय? आणि मी ओतून दिलेलं असतं, तर?”

“काका, तो तुमच्यासाठीच—”

“पाटीचं कळलं मला. एस्तेरने सांगितलं.” त्यांचा हात चादरीवरून सरकत माझ्या मनगटापर्यंत आला. बोटं आता सरळ होती. “म्हणून म्हणतो. मी ते काय समजलो, हे त्याला सांगायचं नाही. कधीच नाही.”

“तो रोज विचारतो. वाचलं कसं नाही म्हणून. तुम्हालाही विचारेल.”

“मला बोलवत नाही म्हणायचं. तूच सांग. म्हातारा तहानलेला होता. दिसलं ते प्यायला.”

“एवढंच?”

“एवढं पुष्कळ आहे.”

संदेशदादा बाहेर बाकावर होता. लघवी सुरू झाल्याचं त्याला सकाळीच कळलं होतं, आणि तेव्हापासून तो ताठ बसून होता, जणू जरा हललं तर ती परत बंद पडेल. मला पाहून उठला.

“बोलले?”

“थोडं.”

“काय म्हणाले? वाचलं होतं का?”

“नाही वाचलं,” मी म्हटलं. “तहान लागली होती. समोर दिसलं ते प्यायले.”

तो माझ्याकडे पाहत राहिला. मी नजर हलवली नाही. त्याने दाराकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे.

“घरात पाणी होतं, ऋजुता,” तो म्हणाला. “घरात पाणी होतं की गं.”